सुई शकूला, कळ मला

सुई आत गेली आणि किंचाळले मी. टेबलावर तर शकू होती... माझी धाकटी जाऊ. मी दोन हात लांब, भिंतीकडच्या बाकड्यावर बसले होते.

डॉक्टर हसला. "आजी, तुमचा नंबर अजून यायचाय."

शकू पडल्या पडल्या म्हणाली, "अक्का, मला तर मुंगी चावल्यागत बी झालं न्हाई. तुम्ही कशाला बोंबलून राहिल्या?"

मी लुगडं वर करून पाहिलं. उजव्या गुडघ्यावर लाल टिपका. माझ्या.

मी चौथी शिकलेली बाई. भानामतीच्या गोष्टी निघाल्या की मी उठून घरात जाते. कुणाच्या अंगात आलं तर डोक्यावर पाण्याचा तांब्या ओतायला मीच पुढं असते. हे सांगायचंही नव्हतं. नात मोबाईलवर लिहून देते म्हणाली, म्हणून सांगते.

आमचं गाव शिरूर अनंतपाळ तालुक्यात. आम्ही लिंगायत. एका घरात दोघी जावा, चाळीस वर्षं. दोघींचेही गुडघे गेलेले. शकूला एकच हवं होतं — मांडी घालून लिंगपूजेला बसायचं. "देवाम्होरं बी पाव्हण्यागत खुर्चीवर बसावं लागून राहिलं की, अक्का," म्हणायची. प्लास्टिकच्या खुर्चीची तिला लई लाज.

उदगीरला एक डॉक्टर गुडघ्यात इंजेक्शन देतो, मग वर्षभर दुखत नाही, असं ऐकलं. बाजाराच्या दिवशी दोघी गेलो.

आमच्या घरात थोरलीचा मान आधी. पहिला चहा, सणाचं लुगडं, जीपमधली पुढची जागा — सगळं आधी मला. मी ते कधी सोडलं नाही. त्या दिवशी मात्र भ्याले. इंजेक्शनची बाटली आधीच कुणासाठी तरी उघडलेली होती. डॉक्टरनं हात धुतले नाहीत. दोघींनीही पाहिलं. विचारायचं कुणी? मी एवढंच म्हणाले, "शकू, आज तू आधी."

"आज मान मला? कुणी बघतंय का बघा!" म्हणाली. खूश झाली ती. खरंच खूश झाली.

त्या किंकाळीनंतर माझं इंजेक्शन राहिलंच. घरी आलो. टिपका संध्याकाळपर्यंत गेला, पण दुसऱ्या दिवशी गुडघा असा ठणकायला लागला की पाय जमिनीला टेकवेना. वरून काहीच नाही. ना सूज, ना लाली. शकूचा गुडघा मात्र भोपळ्यागत फुगलेला, हाताला चटका लागावा असा गरम. आणि तिला दुखतच नव्हतं! अंगात ताप, तरी बाई माझे पाय चेपत बसलेली.

"तुझा गुडघा बघ की गं," मी म्हणाले.

"औषध आत काम करून राहिलं असंल. दुखत न्हाई तर कशाला बघायचं, अक्का?"

तिचा मुलगा बसवराज यानं जीप आणली. लातूरला कुणाला नेलं? मला. ओरडत मी होते ना. हिलाही सोबत घ्या, असं मी म्हणाले का? नाही म्हणाले. तेव्हाही थोरलीचा मान आधी.

लातूरच्या डॉक्टरांनी एक्स-रे काढला. झीज आहे, दुसरं काही नाही म्हणाले, आणि ठेवून घेतलं. तिसऱ्या दिवशी शकूलाही तिथंच आणलं... बेशुद्ध. गुडघ्यात पू झाला होता, विष रक्तात गेलं होतं. डॉक्टर बसवराजवर चिडले. "एवढं होईपर्यंत बाई गप्प कशी राहिली? अशा दुखण्यात माणूस किंचाळतो."

मी शेजारच्या खाटेवरून ऐकत होते. किंचाळलं होतं की माणूस.

दुपारी शकू गेली.

आमच्यात मेलेल्या माणसाला मांडी घालून बसवतात आणि तसंच पुरतात. दवाखान्याचे कागद होऊन, मलाही सोडवून घरी येईपर्यंत दुसरा दिवस उजाडला. अंग ताठ झालेलं. तो गुडघा काही केल्या वळेना. विधीला आलेले स्वामी म्हणाले, कोमट पाण्यानं शेका. शेकलं. मग चौघांनी जोर लावला. मी उंबऱ्यापाशी पाय लांब करून बसले होते.

कट्‌कन आवाज झाला. सगळ्यांनी ऐकला आणि सगळ्यांनी वळून माझ्याकडं पाहिलं. आवाज माझ्या गुडघ्यातून आला होता. तिकडं शकूची मांडी मुकाट बसली.

माझी कळ तिथंच थांबली. तीन वर्षं झाली, परत आली नाही. परवा पुन्हा एक्स-रे काढला. डॉक्टर म्हणाले, "आजी, हाडावर हाड घासतंय. तुम्ही चालता कशा?"

मला सांगता येत नाही. कुणाला येत असेल तर सांगा. पण माझ्या समाधानासाठी काहीबाही सांगू नका — योगायोग, मनाचे खेळ वगैरे. आवाज एकटीनं ऐकला नाही मी.

रोज सकाळी मी मांडी घालून पूजेला बसते. तिच्या खुर्चीवर सूप ठेवतो आम्ही. शकू बासष्टची होती, मी अडुसष्टची. ती गेली. मी जगले.