ओल्या ओकची फळी

शिकार केलेल्या हरणांची शिंगं भिंतीवर टांगायला फळ्या करायच्या तर आमच्या खोऱ्यात नोटबुर्गा श्रेम्फकडेच जावं लागे. नवरा विन्त्सेन्झ गेल्यावर त्याचे रंधे आणि पटाश्या तिने हाती घेतल्या. शेजारच्या लाकूड गिरणीत मी कामाला होतो, त्यामुळे तिची पारख रोज बघायचो. मोठ्या शिंगांना अक्रोड, कोरीवकाम हवं तर मऊ लिंडन. स्प्रूसला ती हातही लावत नसे, त्याची राळ गळते म्हणून. प्रत्येक फळी पोटमाळ्यावर दोन वर्षं सुकलेली असे.

विन्त्सेन्झचा धाकटा भाऊ किलियन तिच्या डोळ्यांसमोर नको असे. भावाला मूठमाती देऊन महिना झाला नाही तोच त्याने विन्त्सेन्झचं शिकारीचं रान आपल्या नावावर करून घेतलं. विन्त्सेन्झ सहा हिवाळे ज्या हरणाला गवत घालत होता, ते किलियनने पहिल्याच शरदात गोळी घालून पाडलं. पूर्वी तो तिला वहिनी म्हणायचा. आता नुसतं नाव घ्यायचा.

त्याच हरणाची बारा फाट्यांची शिंगं कवटीसकट घेऊन तो तिच्याच दारात आला. सोबत ओकची जाड फळी.

"नोटबुर्गा, यावर बसव. वसंतातल्या शिंगांच्या प्रदर्शनाला हवंय."

तिने फळीला तळवा लावला. "ओली आहे. परवापर्यंत झाड उभं होतं."

"माझं झाड, माझी फळी."

"हिच्यात लोखंडी स्क्रू गेला की काळं पाणी सुटेल. हाड डागाळेल. आणि शेगडीजवळ टांगलीस तर तडकेल."

"तुझं अक्रोड खपवायला बघतेस होय? नवऱ्याने दोन गोष्टी शिकवल्या आणि तू सुतारीण झालीस."

मी लाकडाची मोळी घेऊन दारात उभा होतो. तिने माझ्याकडे पाहिलं. "ऐकलंस ना, मी काय सांगितलं ते?"

"ऐकलं," मी म्हणालो.

तिच्याकडे डाग न पाडणारे पितळी स्क्रू होते, डबाभर. तिने लोखंडीच लावले.

खानावळीच्या मोठ्या खोलीत प्रदर्शन भरलं. किलियनची फळी मधोमध, शेगडीजवळच्या भिंतीवर. तीन दिवसांत ती वरपासून खालपर्यंत उकलली, आणि पांढऱ्याशुभ्र कवटीवर स्क्रूभोवती शाईसारखे ओघळ उतरले. म्हातारा परीक्षक हसला, मग सगळेच हसले.

किलियन उठला. "या बाईने मुद्दाम केलंय. सूड घेतलाय."

"मी सांगितलं होतं," नोटबुर्गा म्हणाली. "साक्षीदार आहे."

मी उठून खरं ते सांगितलं. तेव्हा किलियनने तिलाच विचारलं, "पितळी स्क्रू नव्हते तुझ्याकडे?"

ती खोटं बोलू शकली असती. "होते," ती म्हणाली. "तुझ्यासाठी नव्हते."

त्या वर्षी किलियनबरोबर शिकार करणाऱ्यांपैकी कुणीच तिला काम दिलं नाही. मी तिला विचारलं, पश्चात्ताप होतोय का? रंधा चालवत ती म्हणाली, "स्क्रूचा होतो. विन्त्सेन्झने असलं काम दाराबाहेर जाऊ दिलं नसतं."

किलियनशी मात्र ती मरेपर्यंत एक शब्द बोलली नाही.