शेवटच्या चढाईचा लोण

साक्रीच्या शाळेत चौथीचा वर्ग घेणाऱ्या हिलाल गुरुजींना कुठल्याच लग्नात वरण-बट्टी गरम अशी मिळाली नाही. पान वाढून झालं, पहिला घास उचलला, की समोरून कोणीतरी हटकून विचारणार, "गुरुजी, चढाईवालाना दम सुटना, पन पाय रेघवर व्हता. मंग तो बाद का नई?" गुरुजी सांगायचे. मग शेजारचा म्हणायचा, "आमना गावमा तसं नई." झालं! बट्टीवरचं तूप थिजून जाई आणि गुरुजी रेघेवरच्या पायातच अडकलेले असत. मयतीला गेले तरी सुटका नव्हती. परतीच्या वाटेवर लोक चार पावलं गप्प चालायचे आणि मग कोणीतरी खाकरायचा.

गुरुजी कबड्डीचे पंच होते. त्याचं त्यांना मिळायचं काय, तर एक नारळ, कपभर चहा आणि दोन्ही बाजूंच्या शिव्या. रविवार गेले, उन्हाळे गेले. तरी ते जायचे, कारण चुकीचा निर्णय त्यांना पाहवत नसे. माणसाला असतात असली खुळं. फक्त ती एकट्याला निस्तरता येत नाहीत, घरचे त्यात भरडले जातात.

घरची म्हणजे प्रमिलाबाई. तिचं माहेर चाळीसगावजवळच्या खेड्यातलं. तिचा धाकटा भाऊ निंबा चाळीसगावच्या कॉलेजच्या संघाचा व्यवस्थापक. मागे एका सामन्यात गुरुजींनी निंबाच्या संघाविरुद्ध निर्णय दिला आणि निंबा असा तडकला, की पुढच्या आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, बहिणीला न्यायलाच आला नाही. त्याच्या पुढच्या आखाजीलाही नाही. खानदेशात आखाजीला लेक भावाने बांधलेल्या झोक्यावर बसायला माहेरी जाते, आणि जाते ती कोणीतरी न्यायला आलं तरच. सणाच्या दिवशी प्रमिलाबाईने दारात उगाच तीनदा पाणी शिंपडलं.

आणि मग सत्त्याऐंशी सालचा मार्च आला. देवपूरला एका मंडळाने कॉलेजच्या संघांची स्पर्धा भरवली. साक्रीविरुद्ध चाळीसगाव या सामन्याचा पंच ऐनवेळी तापाने आडवा झाला आणि मंडळाची माणसं गुरुजींकडे धावली. गुरुजींनी परोपरीने सांगितलं, "अरे, माझा मेहुणा आहे त्या संघात, मला यात घालू नका." कोण ऐकतो! वर निंबाच पुढे होऊन म्हणाला, "राहू द्या दाजीस्ले. मना भरोसा शे." आणि बाजूला घेऊन हळूच सांगितलं, "औंदा आखाजीले मी अक्काले लेवाले येसू. मायनी रडी रडी जीव खादा मना." गुरुजींना इतका आनंद झाला, की शिट्टी त्यांनी उलटीच तोंडात धरली.

आता सामना. अंतिम फेरीत जायचं तर साक्रीला नुसतं जिंकून भागणार नव्हतं. आधीच्या सामन्यांच्या गुणफरकामुळे निदान पाच गुणांनी जिंकायला हवं होतं, नाहीतर फेरी चाळीसगावची. शेवटच्या मिनिटाला साक्री एका गुणाने पुढे होती आणि चाळीसगावचे दोनच गडी मैदानात उरले होते. साक्रीचा अभिमन चढाईला गेला. तो पलीकडे असतानाच वेळ संपली, पण सुरू झालेली चढाई पुरी होऊ द्यायची असते. अभिमनने एकाला हाताने मारलं, दुसऱ्याला पायाने, आणि लोळत मध्यरेषा गाठली.

दोन गडी बाद, म्हणजे आघाडी तीनची झाली. आणि समोरचे सातही बाद, म्हणजे लोण, त्याचे आणखी दोन. पाच! साक्रीची माणसं मैदानात घुसली, अभिमनला खांद्यावर घेतलं, गुलाल कुठून आला देव जाणे.

पण फळ्यावर गुण लिहिणारा छगन खडू धरून तसाच उभा. त्याने आघाडी तीनचीच लिहिली होती.

"लिही की रे पुढचे दोन!" गुरुजी ओरडले.

"कसं लिखू गुरुजी? सात उठनातच नई."

गुरुजींनी कपाळावर हात मारला. या भागातल्या गावांत एक रीत होती. तिथे ना फळा, ना गुणलेखक. बाद झालेले झाडाखाली बसायचे. सातही बाद झाले, की ते उठून पुन्हा मैदानात उभे राहायचे, कोणीतरी "सात उठनात!", म्हणजे सात उठले, अशी आरोळी द्यायचा आणि मगच लोणाचे दोन गुण धरायचे. लहानपणापासून बघून बघून लोकांना तो नियमच वाटत होता.

निंबा हेच धरून बसला. "पंचसाहेब, सात उठतस तवय लोण. येळ सरनी, खेळ सरना. आते कोन उठी आनि कसाले उठी?"

मैदानावर गुरुजी पुस्तकी मराठीतच बोलत. "सातवा गडी बाद झाला त्याच क्षणी लोण झाला. पुढे खेळ होवो न होवो. उठण्याचा आणि गुणांचा काडीचा संबंध नाही!"

यावर निदान साक्रीवाल्यांनी तरी माना डोलवायच्या! पण त्यांचाच कप्तान पुढे येऊन म्हणतो कसा, "गुरुजी, मंग त्यास्ले उठाडा ना एकदाव!" गुरुजींना वाटलं, शिट्टी फेकावी आणि सरळ शेजारच्या पांझरा नदीच्या पात्रातून चालत सुटावं. ज्यांच्या हक्काचे गुण, त्यांचाही नियमावर विश्वास नाही!

"बरं, बोलवा त्या सातांना," ते वैतागून म्हणाले. नियमाला गरज नव्हती, पण गलका तरी थांबेल. नळावर पाय धूत बसलेले सहा जण कुरकुरत येऊन उभे राहिले. सातवा कुठे? निंबाने त्याला केव्हाच चाळीसगावच्या एसटीत बसवून दिला होता.

"सहा उठनात," निंबा गंभीर चेहऱ्याने म्हणाला. मग जवळ येऊन त्याने आवाज खाली आणला. "दाजी, आखाजी महिनावर ऊनी. फळावर जे शे ते ऱ्हाऊ द्या. कोनी तुमले नाव ठेवाव नई."

खरंच कोणी ठेवलं नसतं. हीच तर चीड आणणारी गोष्ट होती. अख्ख्या मैदानात निंबाचं म्हणणं सगळ्यांना पटलं होतं. गुरुजींनी नुसतं गप्प राहायचं होतं. प्रमिलाचा चेहरा त्यांच्या डोळ्यांसमोर आला आणि त्यांना रडू येईलसं वाटलं. मग त्यांनी छगनच्या हातातला खडू हिसकावला आणि तीन पुसून पाच लिहिले, इतक्या जोरात की खडू मोडला.

निंबा निघून गेला.

घरी आल्यावर गुरुजींनी सगळं सांगितलं. प्रमिलाबाई भाकरी थापत होती. "बरं," एवढंच म्हणाली.

आखाजी आली. निंबा आला नाही. गल्लीतल्या लेकी माहेरी आल्या होत्या, कडुनिंबांवर झोके बांधले गेले होते, गाणी चालली होती. गुरुजींचा जीव घरात लागेना. शेवटी त्यांनी विहिरीचा जाड दोर काढला, मागच्या अंगणातल्या झाडाला झोका बांधला, स्वतः बसून ओढून पाहिला आणि बायकोला हाक मारली.

प्रमिलाबाई पुरणाचे हात पुसत आली. झोक्यापाशी येऊन उभी राहिली.

"बस ना," गुरुजी म्हणाले. "तुना मनावर राग शे का? तो निर्णय..."

"निर्णय बराबर व्हता. मी कवय चूक म्हंतलं?"

"मंग?"

"बराबर व्हता म्हनीसन हाऊ झोका मना भाऊना नई होस." तिने दोराला नुसता हात लावला. "सोडी टाका. लोके हासतीन."

ती आत गेली. गुरुजी स्टुलावर चढले. ओढून पाहताना गाठ घट्ट बसली होती, त्यामुळे ती सुटायला फार वेळ लागला, आणि तोवर शेजारच्या अंगणातलं गाणं त्यांना ऐकावं लागलं.