नातीची अंघोळ आणि मिश्रीची डबी

"तंबाखू खाता का, आक्का?" बेळगावच्या डॉक्टरांनी विचारलं. मी ठसक्यात सांगितलं, "न्हाय."

खोटं बोलत नव्हते. निपाणीत आम्ही बायका तंबाखू खात नाही, मिश्री लावतो. तव्यावर तंबाखू भाजायची, कुटायची, तिनं दात घासायचे. दात घासण्याला कुणी व्यसन म्हणतं होय? मी तर शाळामास्तरीण. व्यसनमुक्तीचा धडा शिकवून मधल्या सुट्टीत घरी यायची आणि डबी उघडायची.

मणक्यातल्या चकतीनं कंबर पार कामातून गेली होती. खाली बसलं की उठवायला दोन माणसं लागायची. त्यात लेकीला पाचवा महिना, बाळंतपणाला ती माहेरी येणार. पाटावर बसून, पाय पसरून, त्या पायांवर बाळाला न्हाऊ घालायचं ते माझ्याच हातनं, हा माझा हट्ट. आमचे हे म्हणाले, "बाई लावू की." दोन दिवस मी त्यांच्याशी बोलले नाही.

डॉक्टर माझंच रक्त काढून यंत्रात फिरवणार होते आणि त्यातला पिवळसर भाग चकतीत टोचणार होते. गुण येईलच असं नाही, हेही त्यांनी सांगितलं. इंजेक्शनच्या दिवशी बाकावर बसल्या बसल्या मी सवयीनं डबी काढून बोट हिरडीवर फिरवलं. नर्स बघतच राहिली. तिनं डॉक्टरांना बोलावलं.

"आक्का, ही तंबाखूच की हो," ते हसले. "हिनं आतली जखम भरत न्हाय. महिनाभर सोडा, मग या."

मेल्याहून मेल्यासारखं झालं. परतताना संकेश्वरपाशी ह्यांनी हळूच विचारलं, "मग बाई बघून ठेवू?" मी डबी खिडकीतनं भिरकावली.

तो महिना घरात कुणी माझ्या वाटेला गेलं नाही. मग इंजेक्शन झालं. पहिला आठवडा कंबर आणखीच ठणकली, वर इंजेक्शनचा गुण जातो म्हणून दुखण्याच्या गोळ्याही बंद. डॉक्टरांना मनातल्या मनात लई शिव्या घातल्या. दोनेक महिन्यांनी एकदा पाण्याची बादली उचलून ठेवली आणि दुखलं नाही हे मागाहून ध्यानात आलं.

नात झाली. पहिल्या अंघोळीला लेक दारात हात पुढं करून उभी. "आई, उठवू का?"

नात पायांवर पालथी, पाठ गरम पाण्यानं लाल झालेली. "थांब गं जरा," मी म्हटलं. उठता येत नव्हतं म्हणून नव्हे. उठावंसंच वाटत नव्हतं.