जुन्या कोर्टातली सुनावणी

बाबा दिवाळीपर्यंत राहणार होते. पण इथे परदेशात, मरीन परेडच्या आमच्या फ्लॅटमध्ये जेमतेम पंधरवडा काढला आणि "माझं तिकीट अलीकडचं कर" अशी भुणभुण सुरू झाली. आई गेल्यानंतरची ही पहिलीच दिवाळी. गावच्या घरात ते एकटे बसणार, या विचारानेच मला धास्ती वाटायची, आणि धास्ती वाटली की मी खेकसते. "जरा समुद्रावर तरी जाऊन या," मी म्हणायचे. "बघितला समुद्र," ते म्हणायचे.

त्यांचा सगळा जन्म तालुक्याच्या कोर्टात वकिली करण्यात गेला. यांना भाजी आणायला सांगितली तरी पुढची तारीख मागतील, असं आई म्हणायची. म्हणून एका रविवारी त्यांना आणि माझ्या लेकीला घेऊन मी इथल्या जुन्या कोर्टात गेले. न्यायाधीश केव्हाच नव्या इमारतीत गेलेत, इथे आता चित्रं लावतात.

बाबांनी आधी घुमट न्याहाळला, मग ते भलेमोठे खांब. ते खरे दगडी नाहीत, दगडासारखे घडवलेत, हे कळल्यावर त्यांना फार बरं वाटलं. "आमचं कोर्ट कौलारू, पण दगड अस्सल," म्हणाले. चित्रांकडे ढुंकूनही पाहिलं नाही. जुनी लाकडी कोर्टरूम आली तसे मात्र दारातच थांबले आणि न्यायाधीशाच्या रिकाम्या खुर्चीपुढे त्यांनी मान लववली. आजूबाजूचे पर्यटक बघत राहिले.

नातीला आरोपीचा पिंजरा दाखवताना त्यांची छाती चांगली फुगली होती. तेवढ्यात ती इथल्या पोरांसारखं शेवटी 'लाह' लावत म्हणाली, "आजोबा, यू स्टँड हिअर लाह. मी जज. तू लवकर घरी जातोयस, दॅट इज द केस."

मग काय, मी लगेच फिर्यादी झाले. लेकीकडे राहायला काटे टोचतात का, तिकडे कोण वाट बघतंय, मी फराळ करायचा तो कोणासाठी, सगळं बोलून टाकलं. शेवटी "मला तुम्ही हवे आहात बाबा," एवढंच कसंबसं म्हटलं.

बाबांनी शर्टाचं वरचं बटण लावलं, घसा खाकरला आणि नातीपुढे अदबीने वाकले.

"मेहरबान कोर्टास विनंती, आरोपीची तयारी नाही. पुढची तारीख मिळावी."

"कधीची?" नातीने विचारलं.

"दिवाळीनंतरची."