पांढऱ्या साडीचं कारण

लेहेंगा घालून मी आरशासमोर उभी होते. मी त्यातून बाजूला झाले असते तरी तो तसाच उभा राहिला असता, इतकं त्याच्यावर काम होतं. दुकानदार म्हणाला, "दीदी, बिल्कुल महारानी." जयपुरात लग्न ठरलेल्या प्रत्येक मुलीला हे सांगतात. महाराण्यांची एवढी गर्दी खुद्द राजांच्या काळातही झाली नसेल. आईचे डोळे मात्र भरून आले होते. तिच्या मुलीत आणि आम्ही राहायचो त्या सोडाल्यातल्या कुठल्याही मुलीत आता काही फरक उरला नव्हता. तिला तेच हवं होतं.

"आई," मी म्हणाले, "मला पांढरी साडी हवी आहे."

आम्ही नागपूरकडचे बौद्ध. आमच्यात नवरी पांढरी साडी नेसते, नवराही पांढरंच घालतो, वंदना होते आणि तासाभरात लग्न लागतं. बाबा रेल्वेत होते, बदली होऊन जयपूरला आले आणि निवृत्तीनंतर इथेच राहिले. सोडाल्यात एका घराचा वरचा मजला आम्ही भाड्याने घेतला होता. खाली घरमालकीण, आई त्यांना भाभीजी म्हणायची. पहिल्याच दिवशी त्यांनी विचारलं होतं, "आप लोग कौन हैं?" आई म्हणाली होती, "हम लोग महाराष्ट्रीयन हैं." हे उत्तर पुढे वीस वर्षं पुरलं. त्याच्या आधाराने आईने भाभीजींबरोबर करवा चौथ केली, गणगौरीला गाणी म्हटली. निळ्या कोटातला जो फोटो नागपूरच्या घरी दारासमोरच्या भिंतीवर असायचा, तो इथे लोखंडी कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेला होता. रोज सकाळी कपाट उघडलं की बाबा आधी हात जोडत, मग बनियन घेत.

लग्न नागपूरला झालं असतं तर प्रश्नच नव्हता. पण बाबांचं आठवड्यातून दोनदा डायलिसिस चालू होतं, प्रवास शक्य नव्हता. लग्न जयपुरातच, खालच्या मजल्यासकट सगळ्यांच्या देखत व्हायचं होतं.

"एका दिवसाचाच तं प्रश्न हाय," आई दुकानात कुजबुजली. "घाल ना लाल. इथं पांढरं पाहून लोक विचारतीन."

"विचारू दे."

"तुले काय होते? तू लग्न करून मालवीय नगरले जाशीन. राहाचं आम्हाले हाय."

मी ते कानाआड केलं. तेव्हा मी सत्याच्या बाजूने होते, आणि त्या बाजूला उभं राहिलं की माणसाला जरा कमी ऐकू येतं. मी दुकानदाराला पांढरी कोटा साडी दाखवायला सांगितली, जरीशिवाय.

त्याचा चेहरा बदलला. आवाज खाली आणून त्याने विचारलं, "तीये की बैठक के लिए?" जयपुरात माणूस गेल्यावर तिसऱ्या दिवशी लोक शोकाला बसतात, बायका पांढरं नाहीतर फिकं नेसून जातात. मी तोंड उघडणार, तेवढ्यात आई म्हणाली, "हां भैया. हमारे जेठजी."

माझे मोठे काका जाऊन बारा वर्षं झाली होती. आईने त्यांना दुसऱ्यांदा मारलं, तेही लेहेंग्यात उभ्या असलेल्या पुतणीसमोर. दुकानदाराला या दोन खरेद्यांचा मेळ लागला नसावा, पण त्याने हात जोडले आणि वरच्या फळीवरून एक साडी काढली. पांढरी, हलकी, बारीक निळ्या किनारीची. अगदी मला हवी होती तशी.

आमची चूक एवढीच, की दुकान भाभीजींनी सुचवलेलं होतं, त्यांच्या माहेरच्या ओळखीचं.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्या दोन शेजारणींना घेऊन वर आल्या. डोक्यावर फिक्या ओढण्या. बाबा नुकतेच डायलिसिसहून येऊन पलंगावर टेकले होते. बायका सतरंजीवर बसल्या.

"बहुत बुरा हुआ, भाईसाहब," भाभीजी म्हणाल्या. "बड़ा भाई तो बाप की जगह होता है. अब शादी आगे खिसकानी पड़ेगी. सूतक में कैसे होगी?"

त्यांच्या डोळ्यांत खरं पाणी होतं. हे सांगायलाच हवं.

बाबांनी आईकडे पाहिलं. आई जमिनीकडे पाहत होती. बाबांना नुसतं "हां जी" म्हणून वेळ मारून नेता आली असती. खरं सांगायचं तर त्या क्षणी माझीही तीच इच्छा होती.

"कोई नहीं गया, भाभीजी," बाबा म्हणाले. "साड़ी बेटी की है. हमारे में शादी में सफेद ही पहनते हैं."

"आपके में मतलब?"

बाबा उठले. भिंत धरत कपाटापर्यंत गेले आणि त्यांनी दार उघडलं.

भाभीजींना वाचायला चष्मा लागायचा, पण तो फोटो ओळखायला कोणालाच लागत नाही. "अच्छा," त्या म्हणाल्या. आईने पुढे केलेल्या चहाला त्यांनी हात लावला नाही. "आज व्रत है." वीस वर्षं त्यांचे सगळे उपास आईने त्यांच्या जोडीने केले होते. त्या दिवशी कुठलाच नव्हता.

मी ती साडी नेसून लग्न केलं. मला ती शोभली, आणि आयुष्यात प्रथमच फोटोत मी माझ्यासारखी दिसले. खालच्या मजल्यावरून कोणी आलं नाही. महिन्याभरात भाभीजींच्या पुतण्याला वरचा मजला लागणार असल्याचं कळलं. त्यांनी ते फार गोड आवाजात सांगितलं.

आई एकदाच बोलली, भांडी वर्तमानपत्रात गुंडाळताना. "तुले खरं नेसाचं होतं. नेसली. आता ह्यायले घेऊन मी कुठं जाऊ?"

आम्ही तिघं घरं पाहायला लागलो. पहिल्या दोन ठिकाणी बाबांनी विचारल्याबरोबर खरं सांगितलं. दोन्ही घरं दुसऱ्या दिवशी आधीच दिलेली निघाली. तिसरं तळमजल्यावर होतं, एकही पायरी नाही, डायलिसिसची जागा दोन गल्ल्या सोडून. घरमालक निवृत्त, सभ्य गृहस्थ. किल्ली हातात खेळवत त्यांनी विचारलं, "वैसे आप लोग कौन हैं?"

बाबा चौकटीला टेकून उभे होते. त्यांना धाप लागली होती. श्वास जागेवर आला की ते बोलणार, हे मला दिसत होतं. आई माझ्याकडे पाहत होती.

"हम लोग महाराष्ट्रीयन हैं, अंकलजी," मी म्हणाले.

किल्ली आईने घेतली. बाबांनी माझ्याकडे पाहिलं नाही. संध्याकाळी टेम्पोतून सामान उतरलं तेव्हा माणसांनी विचारलं, कपाट कुठे ठेवायचं. आतल्या खोलीत ठेवा, असं मीच सांगितलं.