डचेसच्या घरी

किस्सा कासवासारखा असतो. हळू येतो, पण आला की मरत नाही. हॅमिल्टनच्या आमच्या सरपटणाऱ्या प्राण्यांच्या क्लबात राहून माझ्याकडे असे बरेच जमलेत. मी दहावीनंतर शाळा सोडलेला, 'ते रापा' नावाच्या भागातल्या गोदामात खोकी भरणारा, चारचौघांत तोंड न उघडणारा. म्हणून लिहून सांगतो.

क्लब भरायचा नोलाआजींच्या गॅरेजमध्ये. आजी ऐंशीच्या पुढच्या. त्यांचं कासव डचेस, थाळीएवढं, तिथेच काचेच्या टाकीत राहणारं. व्हेट म्हणाला होता, अजून तीस वर्षं आरामात काढेल. तेवढ्यात, ही परदेशी कासवं सुटून नदीत पसरतील म्हणून, कौन्सिलनं नियम आणायचं ठरवलं. कासवं विकायची नाहीत, कुणाला द्यायची नाहीत. आहेत ती आहेत त्याच घरात राहतील. घरात सांभाळणारं कुणी उरलं नाही, तर त्यांना मारून टाकायचं.

आजी म्हणाल्या, "म्हणजे मला आता तीस वर्षं जगावं लागणार. गुडघा बदलून घेते."

*

आई पुण्याहून इथे माझ्या दादाकडे राहायला आली होती. तिला एकदा गॅरेजमध्ये नेलं. देवळात गाभाऱ्यासमोर कासव असतंच, त्यामुळे तिनं आधी डचेसला नमस्कार केला आणि पर्समधली हळद काढून पाठीवर वाहिली. आमचा अध्यक्ष बॅरी, ट्रक ड्रायव्हर, घरी दोन कासवं. त्यानं गंभीरपणे विचारलं, हे पाठीच्या इन्फेक्शनवर का? दिवसातून किती वेळा लावायचं?

"त्याला सांग, अंघोळीनंतर एकदा," आई म्हणाली.

बॅरीची कासवं महिनाभर पिवळी होती!

*

मग बॅरीनं कौन्सिलवर मोर्चा ठरवला. जुलैमध्ये, म्हणजे इथल्या ऐन हिवाळ्यात! एवढ्या थंडीत आमचे प्राणी बाहेर काढता येत नाहीत. म्हणून लोकांना निदान विषय कळावा यासाठी बॅरी गळ्यात रबरी साप घालून आला. या देशात साप नाहीत, आणायलाही कडक बंदी. कुणीतरी फोन केला. काठी आणि पिशवी घेऊन सरकारी खात्याचे दोघे हजर.

बॅरीनं साप पिळून दाखवला. पोटाखालचं 'मेड इन चायना' वाचून दाखवलं.

त्यातला एक म्हणाला, "मग तर परदेशी आहे."

*

सुनावणीला प्रत्येकाला तीन मिनिटं. आजींनी माझंच नाव दिलं. मी आठवडाभर डचेससमोर सराव केला. प्रत्यक्षात "किया ओरा" असा इथला नमस्कार म्हणालो आणि पुढचं सगळं डोक्यातून गेलं. शेवटी एका काउन्सिलरबाईंनाच माझी दया आली. त्यांनी विचारलं, ही कासवं नदीकडे पळाली तर?

मी म्हणालो, "आमचं दार उघडंच असतं. डचेस आजींच्या मागे किचनमध्ये जाते." आणि बसलो.

बॅरी नंतर म्हणाला, स्वीट ॲज, म्हणजे एकदम झकास, कुणालाही राग न आलेलं क्लबचं हे पहिलंच भाषण.

नियम झालाच.

*

आजींनी चष्मा लावून तो पुन्हा पुन्हा वाचला. डचेस कुणाला देता येणार नव्हती, घराबाहेर हलवता येणार नव्हती. पण घरात माणूस आणायला बंदी नव्हती.

"मागची खोली रिकामी आहे," त्या मला म्हणाल्या. "मी गेल्यावरही तू इथेच राहायचं. वकिलाला सांगून ठेवलंय. तुला पुढची तीस वर्षं कुठे जायचं नाहीये ना?"

मी म्हणालो, नाही.

दादा म्हणाला, "लोक कासव पाळतात. तू कासवाला दत्तक चाललास."

मी राहायला गेलो त्या दिवशी आई नारळ आणि पेढे घेऊन आली. दारात आजींनी तिला मिठी मारली. आई डोळे पुसत तशीच आत गेली, पदर सावरून टाकीसमोर बसली आणि डचेसला म्हणाली, "विहीणबाई, पोरगं भोळं आहे. सांभाळून घ्या."