अण्णा, मी आणि पोलिश बिस्किटांचा वास

हे कुणाला सांगणार नाही, असं मी मेधाला वचन दिलंय. पण चहा ओतलाय, तुम्ही घरचेच, आणि मेधा ड्यूटीवर आहे. तेव्हा सांगूनच टाकतो. स्वतःची एवढी शोभा मी आयुष्यात दुसऱ्यांदा करून घेतलेली नाही!

इथे परदेशात, टाकानिनीत घर घेतलं त्याच थंडीत सासरे पुण्याहून पहिल्यांदा राहायला आले. अण्णा. पाटबंधारे खात्यातून रिटायर झालेले. लग्न ठरतानाच त्यांनी निकाल दिला होता, "मुलगा सॉफ्टवेअरमध्ये आहे, बाकी त्याला काही येत नाही." सात वर्षं हे वाक्य मला टोचत होतं. म्हटलं, आता दाखवतोच!

ऑफिसातली हालीना पोलंडची. तिच्या आजीची बिस्किटं अगदी सोपी. मैदा, लोणी, साखर, सावर क्रीम म्हणजे आंबट साय, आणि एक अंडं. अंडं अण्णांना चालतं, फक्त सासूबाईंना कळता कामा नये! फुगायला एक पांढरी पूड लागते, ती हालीनानं कागदावरच्या कृतीसोबत पुडीत बांधून दिली.

शनिवारी मेधा हॉस्पिटलात नर्सच्या ड्यूटीवर. खिडक्या बंद, हीटर चालू, अण्णा सोफ्यावर शाल गुंडाळून बसलेले. मी वाटीनं बिस्किटं कापली, ट्रे ओव्हनमध्ये सरकवला आणि ऐटीत बाहेर येऊन बसलो.

पाच मिनिटांत वास आला. कसला म्हणून काय विचारता? एसटी स्टँडच्या मुतारीचा! अस्सल! डोळ्यांत पाणी आलं हो!

घरात माणसं दोन. मी तर नव्हतो. मग उरलं कोण?

माझं मन भरून आलं. बिचारे! वय झालं, परका देश, एवढी थंडी. सांगणार तरी कसं जावयाला?

"अण्णा, गरम पाण्यानं आंघोळ करता का?"

"सकाळीच केली की."

"मग कपडे तरी बदला. मी मशीन लावतोच आहे."

अण्णांनी माझ्याकडे फार मायेनं पाहिलं. "माझे स्वच्छ आहेत. तुमचे काही असतील तर लावा, जावईबापू. घरच्या घरात संकोच कसला?"

आता बोला! वास वाढतच होता. नवा कोरा सोफा डोळ्यांसमोर येऊन मी बागेतली प्लास्टिकची खुर्ची आत आणली. "अण्णा, इथे बसता? पाठीला बरी."

"छे, छे, तुम्हीच बसा," म्हणत ते उठले आणि कॉर्डलेस फोन घेऊन थेट गॅरेजमध्ये गेले.

ते बाहेर आल्यावर मी मेधाच्या वॉर्डात फोन लावला. "अगं, घाबरू नकोस. अण्णांचा कंट्रोल गेलाय."

मेधा म्हणाली, "आत्ता अण्णांचा फोन आला होता. तुझा गेलाय म्हणून."

"माझा?"

"ओव्हनमध्ये काय आहे?"

"बिस्किटं."

"हालीनाचा कागद मी वाचलाय. उलटून बघ, मूर्खा!"

उलटला. मागे ठळक अक्षरांत लिहिलेलं: पूड अमोनियाची आहे. भाजताना भयंकर वास येईल. खिडक्या उघडा. गार झाल्यावर जातो.

मी इंजिनिअर आहे बरं का!

खिडक्या उघडल्या. बिस्किटं गार झाली, वास खरंच गेला. अण्णांना कागद दाखवला, अमोनिया समजावला, विज्ञान सांगितलं. ते सगळ्याला "असू दे, असू दे" म्हणत होते आणि बिस्किटं खात होते. आठ खाल्ली! मला वाटलं, जिंकलो.

संध्याकाळी डेअरीतून, म्हणजे इथल्या कोपऱ्यावरच्या वाणसामानाच्या दुकानातून, आणलेलं फोनकार्ड खरवडून त्यांनी सासूबाईंना फोन लावला. मी दाराआड कान लावून उभा.

"अगं, आपण उगाच नावं ठेवत होतो. जावई बिस्किटं काय सुरेख करतात!"

माझी छाती फुगली. मग अण्णांनी आवाज खाली आणला.

"पण पुढच्या महिन्यात येताना त्यांच्यासाठी गोखरूचं चूर्ण आण. लघवीवर धरबंद राहिला नाही गं पोराचा. बिचारा अमोनियावर ढकलतोय."